तुलनेचा किनारा

सरकारने मला हयातभर मासे जाळण्याचा पगार दिला. नातेवाइकांकडे जेवायला गेले की मी हे वाक्य राखून ठेवते आणि नेमकी तळलेली सुरमई ताटात पडत असताना सोडते. समोरच्याचा घास हवेत थांबतो. मग आवाज उतरवून पुढचं टाकते, "आणि राख डबीत भरून जपून ठेवायचाही." आमचे बाबा दिवसा शिवणयंत्र चालवत आणि हंगामात दशावतारातले राजे होत. टाळीसाठी कुठे थांबायचं हे मला रक्तातूनच मिळालं. भौतिकशास्त्र मात्र शिकावं लागलं.

मी अणुभौतिकशास्त्रज्ञ आहे. हे ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे वाळवंट, काळे चष्मे आणि उलटी मोजणी उभी राहते. त्यातलं काहीही माझ्या नशिबी आलं नाही. एकदा आत्याने मला माजघरात नेलं, दार लोटलं आणि विचारलं, "खरा सांग गो, ते बॉम्ब ठेवतत खंय?" मी म्हटलं, "आत्या, माझ्याकडे फक्त तारल्यांची राख आहे." तिने हळूच मान डोलावली. पोर सरकारी गुपित फोडत नाही याचं तिला इतकं कौतुक वाटलं, की त्या दिवसापासून ती मला पहिला चहा देऊ लागली.

पण तारल्यांची, त्या छोट्या, स्वस्त माशांची, राख हेच माझं खरं काम. जिथे अणुभट्टी असते तिथल्या पाण्यात, मातीत, दुधात, माशांत काही वाढतंय का, यावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. आता, वाढलं म्हणायचं तर आधी किती होतं ते माहीत हवं. किरणोत्सार हा काही माणसाने जगात आणलेला नाही. तो खडकात आहे, समुद्रात आहे, नारळाच्या पाण्यात आहे, आणि हा अंक हातात धरून बसलेल्या तुमच्या हाडांतही आहे. म्हणून आम्ही अशी एक जागा धरतो, जिच्या आसपास भट्टी नाही, कारखाना नाही, काहीच नाही. तिला तुलनेची जागा म्हणतात. भट्टीजवळचे मासे आणि या जागेचे मासे, दोन्ही सुकवायचे, जाळायचे, राख मोजायची आणि आकडे शेजारी शेजारी ठेवायचे.

अशी जागा हवी होती तेव्हा बैठकीत मी हात वर केला. मालवणच्या बाजूचा, आमच्या गावचा किनारा सुचवला.

"स्वच्छ आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तिथे मोबाइलची लाट पोचत नाही, किरणोत्साराची कुठून पोचणार?"

बैठकीत हशा झाला आणि जागा ठरली. आमचा किनारा निवडला गेला तो स्वच्छ होता म्हणून, एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पुढे गावात ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

तर वर्षातून काही वेळा मी बर्फाची पेटी घेऊन एसटीने गावी यायची आणि सरकारी खर्चाने मासे विकत घ्यायची. शास्त्राला सातत्य लागतं. तीच खाडी, त्याच होड्या, तोच हंगाम आणि शक्यतो तोच विक्रेता. आमचा विक्रेता म्हणजे पारूकाकी. आमच्या घराच्या खालच्या अंगाला तिचं घर. नवरा होडीवरच गेला, मूल नव्हतं. सकाळी किनाऱ्यावरच्या लिलावात मासे घ्यायचे आणि गावच्या तिठ्यावर, जिथे तीन रस्ते मिळतात तिथे, टोपली मांडून बसायचं, एवढं तिचं जग. तिठ्यावर सहा-सात जणी बसत, पण मधली जागा तिची.

मी दिसले की ती लांबूनच ओरडायची, "इलंस गो चेडवा? आज कोणाक जाळतलंस?"

"तारले दी, काकी. आणि थोडे बांगडे."

"पण माझ्या तारल्यांनी गुन्हो काय केल्यानी, ता तरी सांग."

"गुन्हा नाही. सरकारी कामावर खर्ची पडतात ते."

"मगे तेंची पेन्शन माका मेळाक होयी!"

बाजूच्या बायका हसायच्या. काकी एकेक मासा गालफड उघडून बघायची, मग पेटीत ठेवायची. "सरकारक मी शिळा काय देवचंय नाय," असं म्हणायची. आणि मी गेल्यावर आठवडाभर तिच्या आरोळीत भर पडायची. "घेवा, घेवा! सरकार माझ्याकडसून मासे नेता, तुमका काय धाड भरली?" कोणी भाव पाडून मागितला की हेच वाक्य अंगावर. तिच्या टोपलीला ती सरकारी टोपली म्हणायची. हळूहळू सगळा गावच तसं म्हणू लागला.

या धंद्यात गमतीची गिऱ्हाइकं पुष्कळ भेटतात. शिरोड्याचे एक हॉटेलवाले माझा पत्ता काढून आले होते. त्यांना पाटीवर लिहायचं होतं, 'आमचे मासे संपूर्ण किरणोत्सारमुक्त.' खाली माझी सही हवी होती.

"तसं लिहिता येणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे आहे?"

"निसर्गाने ठेवलंय तेवढं आहे."

"म्हणजे आहे!" ते उठले, आणि मी दिलेला चहा तसाच टाकून गेले.

त्यांचा दोष नाही. आमचं यंत्र 'नाही' हा शब्द बोलत नाही. शिशाच्या जाड भिंतींच्या कपाटात राखेची डबी ठेवायची, दिवसरात्र मोजत राहायचं, आणि शेवटी लिहायचं काय, तर 'मोजता येण्याच्या मर्यादेखाली'. अंधाऱ्या खोलीत कंदील घेऊन गेलो, एवढ्या उजेडात कोणी दिसलं नाही, असं आम्ही सांगतो. खोली रिकामी आहे असं सांगत नाही. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा मला फार देखणा वाटायचा. शिरोड्याचा किस्सा मी भाषणांत रंगवून सांगायची.

मग खात्यात नवी कार्यपद्धती आली. एसटी आणि साडी बंद झाली. खात्याची गाडी, पांढरे अंगरखे, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. गाडीत यंत्र तपासून घ्यायला नखाएवढा एक प्रमाणित किरणोत्सारी स्रोत ठेवलेला असे, त्यामुळे नियमाप्रमाणे गाडीच्या दारावर ते पिवळं, तीन पात्यांचं चिन्ह. हातमोज्यांचं तर सांगण्यासारखं आहे. ते माशांपासून आम्हाला वाचवायला नव्हते. आमच्या हातांना लागलेलं काही माशांना लागू नये, निकाल बिघडू नये, म्हणून होते. पण हातमोजा कोणाला कोणापासून वाचवतोय, हे तो बघून कळत नाही.

त्या खेपेला काकी माझ्याकडे बघून हसली. "ह्या काय गो? ऑपरेशन करतंस माशांचा?" मी मास्कमधून काहीतरी म्हटलं, ते तिला ऐकू गेलं नाही. माझ्या तरुण सहकाऱ्याने मोजा घातलेल्या दोन बोटांत एक तारला धरून उजेडात बघितला. तेवढ्यात पर्यटकांच्या एका गाडीतून कोणीतरी फोटो काढला.

फोटो चांगला आला होता. मध्ये टोपली, वर लोंबणारा मासा, मागे पिवळं चिन्ह. आम्ही प्रयोगशाळेत पोचायच्या आत तो आमच्या फोनवर पोचला होता आणि त्याखाली लिहिलं होतं की या किनाऱ्यावरच्या माशांत अणूचं विष सापडलं आहे. आम्ही सगळे मास्कआड होतो. ओळखू येणारा चेहरा एकच होता, पारूकाकीचा.

पुढच्या दिवसांत तिठ्यावर कोणी फिरकेना. हॉटेलांनी माल घेणं थांबवलं, लिलावात बोली लागेना, होड्या वर ओढून ठेवल्या गेल्या. खात्याने खुलासा काढला. तो इतका अचूक होता की कोणाला कळला नाही. मग काकीचा फोन आला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलायची, त्या दिवशी हळू बोलत होती.

"ये गो. येवन सांग काय ता. तुझा आयकतीत."

मी रजा काढून गेले, साध्या साडीत, एसटीने. देवळाच्या मंडपात दुपारी गाव जमला होता. मी तयारीनिशी गेले होते. पिशवीत केळी, मीठ, नारळ आणि हातात धरायचं छोटं मोजणीयंत्र. बाबांचा वारसा होताच. आपण मंडपात उभं राहू, चार विनोद करू, सगळीकडे थोडा किरणोत्सार असतोच हे दाखवू, लोक हसत घरी जातील, असा माझा बेत होता.

मी यंत्र सुरू केलं. ते टिक् टिक् करू लागलं. ते तसं करतंच. जमिनीतून, आकाशातून जे कायम येत असतं तेच ते मोजतं. पण मी तोंड उघडायच्या आत पुढची एक बाई मांडीवरचं पोर घेऊन मागे सरकली.

"देवळात पण आसा?" कोणीतरी विचारलं.

"सगळीकडेच असतं," मी हसून म्हटलं. कोणी हसलं नाही. मंडपात इतकी माणसं असून त्या टिकटिकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी यंत्र बंद केलं. केळी पिशवीतच राहिली.

देवस्थानचे मानकरी दादा पुढे बसले होते. म्हातारे, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "चेडवा, तू आमचाच. माका ता शास्त्र नको. एका शब्दात सांग. माशांत काय आसा काय नाय?"

मी शब्द जुळवत होते. खांबाला टेकून बसलेली पारूकाकी म्हणाली, "एकच शब्द इचारल्यानी गो. नाय म्हण आणि मोकळी हो."

तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "नाय." पोटातून, मंडपाच्या टोकाला पोचेल असं. माणसांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. तो क्षण मी अजून विसरत नाही, इतका तो बरा होता.

मग सुभाष उठला. त्याच्या दोन होड्या पर्यटकांना फिरवत आणि घरी दोन खोल्या भाड्याने होत्या. वाईट माणूस नव्हे, त्याचीही सगळी बुकिंगं गेली होती. त्याने फोन वर धरला. "ह्यो तुमच्याच खात्याचो अहवाल. हंय तारल्यांच्या पुढे पोलोनियम म्हणान लिवलेला आसा, आणि आकडो आसा. ह्या काय ता?"

"ते नैसर्गिक आहे. समुद्र झाल्यापासून माशांत आहे."

"म्हणजे आसा."

"आहे, पण—"

"तो पण आमच्या गिराईकाक कोण सांगतलो? तुम्ही येतलात तिठ्यार बसाक?"

दादा काठीचा आधार घेत उठले. "पुरे. देवाक इचारूया."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल देवाकडे मागतात, त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव देवाच्या मूर्तीवर पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतो, देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर उजवा कौल, होकाराचा. डावी पडली तर डावा. गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या पायाकडे पोराबाळा घेवन गाव जमलेलो आसा. ह्या दर्याक आणि दर्यातल्या माशांक कसली बाधा नसात, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. मीही म्हटलं.

मोजणी पुरी व्हायची वाट बघणं हेच माझं आयुष्य. पण इतकं टक लावून मी कुठल्याही यंत्राकडे बघितलेलं नाही. कळी पडली. उजवी. मंडपात एकदम गलका झाला, बायकांनी डोळे पुसले, सुभाषने देवापुढे डोकं टेकलं. मला यात कमीपणा वाटला नाही. मला जो शब्द धडपणे उच्चारता आला नाही तो देवाने उच्चारला होता आणि त्यावर गावातल्या चुली पेटणार होत्या. मी देवाची आभारी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिठ्यावर गेले. होड्या गेल्या होत्या, आल्या होत्या. टोपल्या भरलेल्या, गिऱ्हाइकांची गर्दी. एकेक टोपली रिकामी होत गेली. पारूकाकीची तेवढी राहिली. तिने नेहमीसारखी आरोळी दिली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दिली नाही. एक बाई तिच्यापुढे थांबली, वाकली, आणि मग शेजारच्या टोपलीकडे सरकली. तिथले तारले त्याच होडीचे होते, त्याच लिलावातले.

मी त्या बाईला गाठलं. "कालच कौल झाला ना?"

"झालो ना! दर्याक बाधा नाय म्हणान देवान सांगल्यान," ती म्हणाली. मग काकीकडे न बघता खालच्या आवाजात, "पण ती सरकारी टोपली. तेचा काय देवाक इचारूक नाय."

खरं होतं ते. देवाला दर्याबद्दल विचारलं होतं, आणि देवाने दर्याबद्दल सांगितलं. राखेच्या डबीसमोर बसून मी तरुण पोरांना हेच शिकवत आले की जे विचाराल तेवढ्याचंच उत्तर मिळतं. फोटोत दर्या नव्हताच. त्यात काकी होती, तिची टोपली होती आणि इतकी वर्षं तिने अभिमानाने ओरडून सांगितलेलं सरकार होतं.

मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि सगळ्या तिठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकी, तारले दी! घरी न्यायचेत. मी खातलंय!"

तिठ्यावरच्या माना वळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "बघ, परत नेता." मी मासे घेणं हीच तर तिच्याविरुद्धची साक्ष होती. पारूकाकीने तारले पिशवीत टाकले. गालफडं उघडून बघितली नाहीत.

"आता जा गो," ती म्हणाली. "माका बसांदे."

दुपारी मी तिच्या घरी गेले. ती पडवीत बसून न खपलेल्या माशांना मीठ लावत होती.

"काकी, परत कौल लावूया. तुझ्या नावाचो. दादांना मी सांगते."

"कित्या? माझ्या हातांक काय रोग झालो काय, ता देवाक इचारूचा? ह्याच हातांनी इतकी वर्सा तेका फुला घातलंय."

"तसं नाही. एकदा उजवा पडला की गाव गप्प होईल."

ती मिठाचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आणि डावो पडलो तर? मगे माका बसाक जागा खंय?"

कुठल्याही मोजणीत चूक किती संभवते, हे सांगणं माझा पेशा आहे. मी पडवीच्या पायरीवर बसले आणि मिठाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. तिने पुन्हा मीठ लावायला सुरुवात केली.

त्या खेपेच्या तारल्यांचा निकाल आला तो दरवर्षीसारखाच होता. नैसर्गिक तेवढं होतं. बाकी सगळं मोजता येण्याच्या मर्यादेखाली. मी वरिष्ठांना सांगून तुलनेची जागा दुसऱ्या जिल्ह्यात हलवायला लावली. तिथे मी पहिल्या बैठकीतच हातमोजे आणि गाडी यांवर इतकी भांडले, की मला भांडकुदळ म्हणून नाव मिळालं. तिथले मासे आता आम्ही दर खेपेला वेगळ्या बाईकडून घेतो. शास्त्राच्या दृष्टीने हे तितकंसं बरं नाही. सहकारी कुरकुरतात. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर किस्सा झाला असता.

पारूकाकी एक हंगाम तिठ्यावर बसली. बाहेरगावचं कोणी थांबलं तर थोडं खपायचं. मग मधली जागा दुसरीने घेतली, काकी कडेला सरकली, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर आलीच नाही. घराला कुलूप होतं. माहेरी गेली असं कोणी म्हणालं, कोणी काय. कोणाला नीट माहीत नव्हतं आणि विचारावं असं कोणाला वाटत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या कामाने मी कट्टा नावाच्या बाजाराच्या गावी उतरले होते. आतल्या गावांतल्या शेतकरी बायका पावसाळ्याची बेगमी करायला बाजारात आल्या होत्या. स्टँडच्या बाजूला सुक्या माशांच्या टोपल्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी काकी. वाळली होती. केस सगळे पांढरे. पुढ्यात सुके बांगडे, बारीक सुकट, आणि तिच्यासमोर एक शेतकरीण हुज्जत घालत बसलेली. काकी हात नाचवून तिला उत्तर देत होती. तो आवाज ऐकून माझे पाय आपोआप तिकडे वळले.

तिने मान वर केली आणि मला बघितलं. तोंड उघडलं होतं ते मिटलं. मग तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "काय देऊ, बाई?"

आमच्या गावची माणसं असं मराठी फक्त तहसील कचेरीत बोलतात.

मला कळायला एक क्षण लागला. मग मी खाली बसले. "बांगडे द्या. चांगले आहेत ना?"

"एकदम चांगले आहेत. घरचे सुकवलेले."

शेतकरणीने आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "तुमच्या वळखीचे काय ओ?" तिने काकीला विचारलं.

"नाय गो," काकी बांगडे मोजता मोजता म्हणाली. "गिराईक."

तिने पुडा बांधून माझ्या हातात दिला. शेतकरीण पुढे सरकली आणि टोपलीत हात घालून निवडू लागली. मी उठले. माझ्या गाडीला अजून वेळ होता, तरी मी स्टँडच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले.